दहा नंबरचा पाना

यंदाच्या दसऱ्याला सकाळी सकाळी माझं आणि सासूबाईंचं वाजलं. कारण काय, तर दहा नंबरचा पाना.

माझ्याकडे एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. रविवारी आमचा ग्रुप पेठ गावाच्या बाजूला चिखलात आणि दगडधोंड्यांत गाड्या घालतो... हिला घरी काय कमी आहे, हा प्रश्न पंचवटीतल्या आमच्या गल्लीने विचारून विचारून आता सोडून दिलाय.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी जीपला पुढे दोन जादा लाइट बसवायला घेतले. वायरिंगला हात लावायचा तर माझा नियम पक्का... बॅटरीची काळी वायर सगळ्यात आधी सोडायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. गाडीची सगळी बॉडी त्या काळ्या वायरीला जोडलेली असते. ती लावलेली असताना लाल टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये कुठलाही धातू आला की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

काम नीट केलं होतं हो. फ्यूज बॅटरीजवळच घेतला, वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर बसवलं. दगडांवर गाडी आपटते तेव्हा पत्र्याची कड वायरीला कापत राहते, म्हणून ही काळजी.

लाल टर्मिनलवर रबरी टोपी चढवायची आणि काळी वायर दहा नंबरच्या पान्याने आवळायची, एवढंच उरलं होतं... तेवढ्यात पाहुणे आले. म्हटलं, सकाळी करू, पाच मिनिटांचं तर काम आहे.

सकाळी बघते तर टूलबॉक्स रिकामा! आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, देवघरासमोर पाटावर पूजा मांडलेली. विळी, त्यांची कापड कापायची कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप आणि माझे सगळे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर... प्रत्येकाला हळद-कुंकू आणि वर झेंडूचं फूल.

मी म्हटलं, एकच पाना द्या, लगेच परत ठेवते. दुपारी सोनं द्यायला माझ्या माहेरी, नामपूरला जायचं होतं. जीपनेच जायचं होतं, कारण बाबांना नवे लाइट दाखवायचे होते.

"पूजेला मांडलंय ना ते? मग आज हात नाय लावायचा," आई म्हणाल्या. "उद्या उत्तरपूजा झाली का घे."

मी वाद घातला. मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो अचानक फुलं ओवण्यात फारच गुंतला होता. शेजारच्या काकांकडे गेले, तर त्यांचेही पाने पाटावरच. अख्ख्या गल्लीत त्या दिवशी एक नट फिरवायची सोय नव्हती.

मग मी फुगून बसले. थोड्या वेळाने आई ताट घेऊन जीपपाशी आल्या आणि इंजिनाचीही पूजा करायची म्हणून बॉनेट उघडायला सांगितलं. मी फणकाऱ्याने उघडलं.

आईंच्या हातात त्यांच्या लग्नातल्या सोन्याच्या पाटल्या आहेत. हात भरल्यामुळे त्या आता साबण लावूनही निघत नाहीत. रोज पहाटे पोळ्या लाटताना त्या वाजतात आणि त्या आवाजाने रविवारचीसुद्धा माझी झोप मोडते, ही माझी जुनी तक्रार.

इंजिनाला हळद-कुंकू झालं. मग बॅटरीला लावायला त्या वाकल्या... आणि पाटली लाल टर्मिनलच्या उघड्या नटवर टेकली. त्याच पाटलीची दुसरी बाजू बॅटरी बॉडीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीवर. टक् असा बारीकसा आवाज आला.



काहीच झालं नाही. आईंनी शांतपणे अक्षता वाहिल्या. काळी वायर बाजूला फडक्यात गुंडाळलेली, तशीच पडून होती.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचा पाना असाच मध्ये आला होता, तेव्हा त्याच्या गाडीची काळी वायर लावलेली होती. ठिणग्या उडाल्या, पाना जागीच चिकटला आणि बघता बघता लालबुंद झाला. पाना सोडून हात मागे तरी घेता येतो... मनगटात घट्ट बसलेली पाटली कशी सोडणार?

मी आईंचा हात धरून त्यांना मागे आणलं आणि पायरीवर बसवलं. मग सगळं समजावून सांगितलं, लाल काय, काळी काय, पट्टी काय.

त्यांनी पाटली मनगटावर फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "आणि मघाशी मी तुला पाना दिला असता तर?"

नामपूरच्या घाईत मी टोपी विसरून काळी वायर तेवढी आवळली असती. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले, आणि मग मला रडूच आलं. काळी वायर सोडली होती माझ्या नियमाने, पण ती सुटलेलीच राहिली त्यांच्या नियमामुळे... आणि त्याच नियमावरून मी सकाळभर त्यांच्यावर चिडले होते.

रडून झाल्यावर आधी ती रबरी टोपी बसवली. तिला पाना लागत नाही, आदल्या संध्याकाळीच बसवायला हवी होती. नामपूरला आम्ही नवऱ्याच्या गाडीने गेलो, बाबांना लाइटचे फोटो दाखवले. मला तर आई शेजारी बसल्या आहेत याचाच आनंद एवढा होता की लाइटचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर पाना आईंनीच आणून दिला. आता मी बॉनेट उघडलं की त्या दोन्ही हात पदराखाली घेऊन लांब उभ्या राहतात आणि मलाच विचारतात, "काळी काढली का गं?"

आज रविवार. पहाटे स्वयंपाकघरातून पाटल्यांचा आवाज आला आणि नेहमीप्रमाणे जाग आली... कूस बदलून ऐकत पडून राहिले. पोळ्या संपल्या तेव्हा वाटलं, अजून दोन लाटल्या असत्या तर बरं झालं असतं.