काशाच्या ताटातली वाट

मला जाब विचारण्याचा हक्क फक्त जाऊबाईंचा होता. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून हे लिहिते.

मला लिहिता येतं यात माझी कर्तबगारी काही नाही. माझे वडील वाघोलीला पंतोजी होते. आमच्या ओसरीवर मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि मी खांबाआड बसून तीच गिरवायची. मुलीला हे कशाला, असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. आई मी पाच वर्षांची असताना बाळंतपणात गेली. तेव्हा मी त्याच ओसरीवर बसले होते. आतून तिचा आवाज येत होता, मग तो थांबला. मला वाटलं, बरं झालं, दुखायचं थांबलं.

नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात सदाशिव पेठेत आले. बालबोध वाचता आणि लिहिता येत होतं. पुढे काही शिकले नाही. सासूबाईंना एवढंही जास्त वाटायचं. आमटी खारट झाली की म्हणायच्या, "पंतोजीबाईंना आज मीठ वाचता आलं नाही वाटतं."

सोळाव्या वर्षी मला दिवस राहिले. त्याच सुमारास थोरल्या जाऊबाईही गरोदर होत्या, माझ्यापुढे चार-साडेचार महिने. त्यांचं हे तिसरं. पहिल्या दोन्ही मुली, आणि दोघी तेव्हा आजोळी होत्या. भाऊजी आणि आमचे हे, दोघेही कारकून म्हणून फौजेबरोबर दक्षिणेकडे गेले होते. घरात सासरे, सासूबाई आणि आम्ही दोघी. सासऱ्यांना कंपवायू होता. पाण्याचा पेला धरला तर अर्धं पाणी धोतरावर.

माजघरामागे एक अंधारी खोली होती. एरवी तिथे गोवऱ्या आणि भाताची पोती असायची. बाळंतपण जवळ आलं की ती रिकामी करून सारवायची. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण ते आई करते. माझे वडील काय करणार होते? म्हणजे मलाही त्याच खोलीत जायचं होतं. हौदावरून पाणी आणलं की घागर ठेवायला मला त्या दारावरून जावं लागे, आणि मी दुसरीकडे बघत जात असे.

भीती एकच होती, दुखण्याची. मरणाची नव्हती असं नाही, पण मरण कसं असतं ते ठाऊक नव्हतं आणि दुखण्याचा आवाज ठाऊक होता. एकदा पाटा धुताना जाऊबाईंना विचारलं, "किती दुखतं हो?"

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मला आत्ता काही दुखत नाही. पाटा नीट घास, मिरची राहिली आहे कडेला."

मी पाटा घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

"सांगितलं तर कमी होणार आहे का?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता बोलल्या, "दुखण्याचं एवढं नाही. मध्ये मध्ये थांबतं ना, ते वाईट. थांबलं की वाटतं, संपलं."

मला आई आठवली.

मला पाचवा लागला तरी पोटात काही हलत नव्हतं. सासूबाई रोज विचारायच्या, "काही कळतंय का?" मी नाही म्हणायची. एकदा कळलंसं वाटलं म्हणून सांगितलं, तर तो वात निघाला. त्यांनी ओवा चावायला दिला आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आमच्याकडे ढेकराचं बारसं करायचंय."

मी जाऊबाईंना विचारलं, "वात कोणता आणि मूल कोणतं, ओळखायचं कसं?"

"वात एक तर वर जातो नाहीतर खाली. मूल जागच्या जागी असतं," त्या म्हणाल्या. "आणि ते काही तुला विचारून हलणार नाही."

चैत्र संपता संपता एका पहाटे त्यांना कळा सुरू झाल्या. तो दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस दुपारवर आला, तरी सुटका होईना. सुईण कसब्यातली, हाताला चांगली म्हणून नाव असलेली. तीही ओसरीवर येऊन पाणी प्यायली आणि सासूबाईंना म्हणाली, "मूल आडवं हाय बाई. मी करतेय ते करतेय. तुमचं काय ते देवाचं बघा."

देवाचं म्हणजे चक्रव्यूह. काशाच्या ताटात केशराच्या गंधाने तो काढायचा, एकात एक सात वेढे, बाहेरून मध्यापर्यंत एकच वाट. अडलेल्या बाईने त्या वाटेवरून बोट फिरवायचं, मग ताटात पाणी घालून ते तिला पाजायचं. मुलाला बाहेरची वाट सापडते म्हणतात. आमच्या घरी तो सासरे काढत, पोथीत बघून. आता त्यांचा हात चालत नव्हता, आणि आळीतले जोशीबुवाही फौजेबरोबर गेलेले. सासऱ्यांनी पोथीचं ते पान काढून सासूबाईंच्या हाती दिलं आणि म्हणाले, "धाकटीला येतं ना काढता? काढू दे तिला."

सासूबाईंनी ताट माझ्यापुढे ठेवलं. त्या दिवशी टोमणा नव्हता. "नीट काढ," एवढंच म्हणाल्या.

मी माजघरात बसले. दर्भाची काडी गंधात बुडवून पहिला वेढा काढला, दुसरा काढला. भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज येत होता. ओरडणं म्हणवत नाही त्याला. ओझं उचलताना माणूस करतं तसा आवाज, पण ओझं खाली ठेवताच येत नाही असा. मी पोथीत बघे, ताटात बघे. पाचव्या वेढ्यावर होते, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी टचकन उडालं. पातेल्यावरचं झाकण वाफेने एकदा उचललं जातं, तेवढंच. मी काडी उचलली आणि थांबले. पुन्हा झालं, तिथेच. वर गेलं नाही, खाली गेलं नाही.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आत एक बाई दोन दिवस मरणाशी झगडते आहे, आणि माझ्या पोटातल्याने नेमकी तीच वेळ धरली. मला वाटलं, आता हे खरंच आहे. आता हे बाहेर येणार, आणि त्याच खोलीतून येणार. मला उठून वाघोलीला पळून जावंसं वाटलं. पण उठून जाणार कुठे? पोट माझ्याबरोबरच येणार होतं.

"झालं का? का अक्षर घोटवत बसलीस?" सासूबाई दारातून ओरडल्या.

मी काडी टेकवली आणि उरलेले वेढे भराभर पुरे केले.

ताट त्यांनी आत नेलं. मला आत बोलावलं ते पाण्याचा तांब्या घेऊन. जाऊबाई भिंतीला टेकून होत्या, केस सोडलेले, ओठ फुटलेले. कळ थांबली होती तेवढ्यात सुईणीने त्यांचं बोट धरून ताटाच्या कडेला ठेवलं. बोट निघालं. पहिला वेढा, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पाचव्यापाशी थांबलं. पुढे रेघ होती. बोट मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा तिथेच थांबलं.

मी बघितलं. पोथीत जिथे वाट उघडी होती तिथे माझी रेघ आडवी गेली होती. वाट बंद झाली होती.

जाऊबाईंनी मान वर केली. सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वाट कुठे आहे गं?"

बोटाने पुसून तेवढी रेघ काढता आली असती. केशर वाटीत होतं, काडी माजघरात होती. चुकलं म्हणायला किती वेळ लागतो? पण सासूबाई शेजारी उभ्या होत्या, आणि मला माझ्या अक्षराखेरीज त्या घरात कशाचाच मान नव्हता, तोही त्याच दिवशी मिळालेला. मी म्हणाले, "असंच असतं."

पुढची कळ आली. सुईण म्हणाली, "प्या बाई, बघत नका बसू." मी तांब्यातलं पाणी ताटात ओतलं. रेघा विरघळल्या. त्या सगळं प्यायल्या.

दिवेलागणीला मूल झालं. मुलगा होता, मेलेला. सुईण म्हणाली की ते सकाळपासूनच गेलेलं असावं. हे वाक्य मी पुढे पुष्कळ वर्षं जपून ठेवलं. कधी त्याने बरं वाटे, कधी वाटे की ती सगळ्याच घरी तसं म्हणत असेल.

जाऊबाई वाचल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना दूध आलं. प्यायला कोणी नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. सासूबाईंनी मोगऱ्याची फुलं आणवली. ती छातीवर ठेवून वर घट्ट फडका बांधायचा, म्हणजे दूध आटतं. फडका बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी मागे बसून दोन्ही टोकं ओढायची. त्या दात आवळून बसायच्या. खोलीभर मोगऱ्याचा वास आणि आंबलेल्या दुधाचा. मला अजून मोगरा चालत नाही.

पोटातलं हलतंय हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई विचारत, मी नाही म्हणे. सांगितलं असतं तर कधीपासून हे विचारलं असतं. पण एक दिवस फडका ओढताना माझं पोट जाऊबाईंच्या पाठीला टेकलं, आणि आतल्याने लाथ मारली. त्यांना ती लागली. त्या ताठ झाल्या.

"कधीपासून?"

"आजच."

"आजचं एवढ्या जोरात मारत नाही," त्या म्हणाल्या. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "ओढ. सैल झालाय."

त्यांनी काय मोजलं, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सासूबाईंना सांगितलं की धाकटीला मूल हललेलं कळलं. माझी ओटी त्यांनीच भरली. मला ती घेता येईना आणि नको म्हणताही येईना. भीती आता दुप्पट झाली होती. नुसतं दुखेल ही नव्हती. ज्या बाईचं मूल माझ्या रेघेपाशी अडलं, ती बाई माझ्या उशाशी बसणार होती, ही होती. रात्रंदिवस हेच डोक्यात. सांगावं म्हटलं तर जीभ उचलत नव्हती, आणि दिवस कोणासाठी थांबत नव्हते.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळा लागल्या. जाऊबाई म्हणाल्या होत्या ते अगदी खरं निघालं. दुखण्यापेक्षा थांबणं वाईट. थांबलं की मी कान देऊन बसे, आता पुढची येते का. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, ते दुपारपर्यंत विसरले. सुईण तीच. म्हणाली, "अजून लांब हाय."

सासरे आषाढात वारले होते. जोशीबुवा परतले नव्हते. चक्रव्यूह कोण काढणार? मला तर उठवत नव्हतं. तेवढ्यात जाऊबाई ताट घेऊन आत आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. ताटात मात्र सात वेढे होते, जाडेभरडे, पण सात.

"कुठे बघून काढलंत?" मी विचारलं.

"कुठे बघू? पोथीतलं ते पान मला कुठे सापडणार? तू काढलं होतंस तसंच काढलंय. त्या दोन दिवसांत दुसरं बघायला होतं काय माझ्यापुढे?" त्यांनी माझं बोट धरलं आणि कडेला ठेवलं.

बोट निघालं. पाचव्यापाशी थांबलं. रेघ तिथेच होती, तशीच आडवी.

मी त्यांच्याकडे बघितलं. आता बोलायला हवं होतं. चुकलंय म्हटलं तर त्या विचारणार, मग माझ्या वेळी? न म्हटलं तर तेच पाणी मला प्यायचं होतं, माझ्या मुलासकट. माझं तोंड उघडलं, आणि कळ आली. कळ गेली तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"असंच असतं," त्या म्हणाल्या, आणि पाणी ओतलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. पाटा घास म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं का नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि त्यानंतर चाळीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करूनही कळलं नाही. मी पाणी प्यायले. केशराची चव होती, आणि काशाची.

संध्याकाळच्या चौघड्याला मुलगी झाली. जिवंत. तिला पुसून माझ्याजवळ जाऊबाईंनीच दिली. म्हणाल्या, "घे. नाक तुझ्या सासूचं आहे."

सासूबाई गेल्यावर आळीत कोणी अडलं की ताट जाऊबाईंकडे येऊ लागलं. त्यांचा हात चांगला म्हणून नाव झालं. प्रत्येक ताटात ती रेघ आडवी असे. पुष्कळजणी सुटल्या, दोघी गेल्या. दर वेळी ताट घरातून बाहेर जाताना मी बघे आणि चुलीतलं लाकूड पुढे सारे. माझ्या मुलीने तो चक्रव्यूह त्यांच्याकडून शिकून घेतला.

परवा तिची लेक, माझी नात, इथे पहिल्या बाळंतपणात अडली. मुलीने ताट माझ्यापुढे आणलं. "आई, तुला पोथीतला ठाऊक होता ना? बघ गं, बरोबर आहे का?"

मी बघितलं. पोथी वाळवीने खाऊन किती वर्षं झाली. पाचव्या वेढ्यावर ती रेघ होती. ती पुसावी म्हणून बोट उचललं, पण वाट तिथून कोणत्या बाजूला वळायची ते मला आठवेना. आतून नातीचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी म्हणाले, "असंच असतं. ने आत."