मान खाली, हलायचं नाही

वाघाची आणि वाघकाकांची पहिली भेट झाली तेव्हा दोघेही तरुण होते. काका हत्यारांची पेटी घेऊन जंगलातल्या पायवाटेने पलीकडच्या गावी दाढ्या करायला निघाले होते. समोरून वाघ आला तो खोलीएवढा. तोंड काकांसमोर आले तरी शेपटी मागच्या वळणावरच होती. त्याने डरकाळी फोडली, तेव्हा तिच्या वाऱ्याने काकांची टोपी उडून काकांच्या आधी त्या गावी पोहोचली. काकांनी शांतपणे पेटी उघडली, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारले, "बोल, दाढी की नुसत्या मिशा?" वाघ चक्क लाजला आणि निघून गेला.

ही हकीकत काकांच्या सलूनमध्ये रोज घडत असे. साबणाचा फेस होईपर्यंत वाघ येई, गालावर वस्तरा असताना डरकाळी फोडी आणि तुरटी फिरेपर्यंत पळे. हसून गिऱ्हाईक हलले की मागून काका दटावत, "मान खाली! हलायचं नाही!" आणि मान खाली. शाळेतल्या मास्तरांची मान घरात बायकोपुढेही इतक्या चटकन झुकत नसे. समोर काचेचे, थंड हवेचे नवे सलून उघडले, तरी काकांचे गिऱ्हाईक ढळले नाही. तिथे केस बरे कापत, पण वाघ नव्हता.

खरी गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती. वाघ नव्हताच; ते कुणाचे तरी दावे तोडून आलेले वासरू होते आणि पळाले होते ते काका.

मग शेजारचे जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. रस्त्यावर ताज्या रंगाची कमान उभी राहिली आणि बेकरीवाला सलूनमध्ये येऊन म्हणाला, "काका, रविवारची जीप ठरवलीय. मी, मास्तर आणि तुम्ही. तुमच्या दोस्ताला भेटून येऊ."

"माझे गुडघे दुखतात रे."

"जीप काय गुडघ्यांवर चालते?"

"आणि वाघानं ओळख दाखवली नाही," मास्तर आरशातून म्हणाले, "तर आम्ही काय समजायचं ते समजू."

घरी काकांनी ताट बाजूला सारले. "गावासमोर पाय लटपटले तर? उद्यापासून सगळे समोरच्या सलूनमध्ये जातील!"

"डोळे मिटून घ्या," काकू म्हणाल्या. "तेव्हा तरी उघडे ठेवून काय पाहिलंत?"

जीपमध्ये काका मागच्या उंच बाकावर बसले. पुढच्या बाकावर ओळखीच्या दोन माना. सकाळभर माकडे दिसली, मोर दिसला, दुसऱ्या जीपमधली माणसे दिसली. काकांचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता, तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन बंद केले. बाजूचा बांबू हलला.

काकांचे हात आपोआप पुढे गेले, दोन डोक्यांवर टेकले आणि तोंडातून आयुष्यभराची सवय बाहेर पडली, "मान खाली! हलायचं नाही!"

दोन्ही हनुवट्या छातीला लागल्या.

आणि वाघ आला. खोलीएवढा नव्हता. पण एवढे मोठे जनावर, आणि वाळके पान वाजले नाही. जीपच्या चाकाशी तो थांबला, त्याने काकांकडे पाहिले. रागाने नाही, भुकेने नाही. जाता जाता माणूस दिव्याच्या खांबाकडे बघतो ना, तसे. मग रस्ता ओलांडून गेला. काकांना एकच कळले. आपण तिथे असलो काय, नसलो काय, त्या डोळ्यांना काहीच फरक पडला नव्हता.

"झालं?" मास्तरांनी छातीतूनच विचारले. "मान वर करू?"

"गेलासुद्धा," ड्रायव्हर म्हणाला.

"काका!" बेकरीवाला किंचाळला. "जंगलात कसली हजामत करत होतात आमची?"

सोमवारी सलून गच्च भरले. खुर्चीत मास्तर.

"सांगा आता. तुम्हीच काय तो पाहिलात."

"आला. बघितलं. गेला."

"डरकाळी?"

"नाही."

"लाजला तरी का?"

"मी नसल्यासारखं बघितलं त्यानं माझ्याकडे."

"थापा मारू नका हो!" बेकरीवाला वैतागला. "आमचा नेहमीचा वाघ सांगा."

काकांनी ब्रश फेसात बुडवला. "समोरून वाघ आला तो..." म्हणाले आणि थांबले. पुढचे तोंडातून निघेना. फेस मास्तरांच्या कॉलरवर ठिबकत राहिला. कुणीतरी उगाच खोकले.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी पान वाढता वाढता विचारले, "खरंच दिसला?"

काकांनी नुसती होकाराची मान डोलावली. काकूंनी विश्वास ठेवला. इतक्या कमी शब्दांत खोटे बोलणे त्यांच्या नवऱ्याला जन्मात जमले नसते.

पुढे वाघ इकडेही येईनासा झाला, तेव्हा मास्तर समोरच्या सलूनमध्ये जाऊ लागले, मग बेकरीवालाही. काकांनी दुकानात टीव्ही लावला.