नातीच्या हप्त्यावर घेतलेला नेम

आमच्या ब्राह्मीला भेटलेलं माणूस दोन गोष्टी विचारतंच. काय शिकलीस, आणि त्याचे किती मिळतात. पहिलं उत्तर ऐकून त्याच्या भुवया वर जातात, दुसरं ऐकून खाली येतात, आणि मग ते माझ्याकडं बघतं. कारण तिला त्या शिक्षणाला घालायचा हट्ट माझा होता, हे वारणाकाठच्या आमच्या गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे.

ब्राह्मी माझी नात, धरणेंद्राची धाकटी. लहानपणी परातीत पीठ दिसलं की त्यात बोटानं मोर काढायची, आणि तिची आई चंदनबाला ओरडायची, "अगं, ते मळायचंय!" बारावी झाल्यावर धरणेंद्र म्हणाला, नर्सिंग कर, कुठंही गेलीस तरी भाकरी मिळंल. मी मध्ये पडले. मी शिकलेली दुसरीपर्यंत, पण सल्ला द्यायला शाळा लागत नाही. "हातात कला हाय पोरीच्या," म्हटलं, "तिला सुया टोचायला कशाला लावतोस?" धरणेंद्रानं आईचा शब्द राखला आणि बँकेच्या कागदावर सही केली. साडेचार लाख.

पुण्यासनं चित्रकलेची डिग्री घेऊन पोरगी परत आली, तोवर व्याजानं त्याचे साडेपाच झाले होते. सात वर्षांचा हप्ता बसला, महिना नऊ हजारांच्या वर. आणि पोरीची कमाई आमच्या गावच्या नळासारखी, आली तर भांडी भरून, नाही तर नुसती फुसफुस. शाळांच्या भिंतींवर झाडं, फळं, पाढे रंगवायचे. एका महिन्यात वीस हजार, पुढच्या दोन महिन्यांत मिळून तीन. अंगणवाडी रंगवली, तिचे पैसे वर्षानं आले. एका लग्नात मांडवामागं एवढाली कमळं काढली, तर यजमानांनी शाल आणि नारळ दिला. "उद्या हा नारळ बँकेत भरते," असं घरी येऊन म्हणाली तेव्हा आम्ही सगळे हसलो. धरणेंद्र हसला नाही. बँकेचा फोन त्याला यायचा.

यंदा चातुर्मासात एक साध्वी माताजी आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुक्कामाला होत्या. अशा वेळी बायका त्यांच्यापुढं नेम घेतात. कुणी बटाटा सोडतं, कुणी चप्पल. भर सभेत माइक फिरत होता. शेजारची दीपमाला, आयुष्यात कधी गप्प न बसलेली बाई, उठून म्हणाली, "मी रोज एक तास मौन धरीन." टाळ्या पडल्या. मग माइक माझ्या हातात आला. मी काही ठरवून गेले नव्हते, तोंडातनं निघून गेलं, "नातीचं शिक्षणाचं कर्ज फिटस्तवर गोड बंद. साखर न्हाई, गूळ न्हाई."

उसाच्या गावात गूळ सोडणारी म्हातारी! बायका "अगाई" म्हणाल्या. कर्ण्यातनं माझा आवाज पार चावडीपर्यंत गेला आणि मला, खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं. ब्राह्मी मागं बायकांत बसली होती. मी वळून तिच्याकडं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

त्या दिवसापासनं चंदनबाला माझा चहा वेगळा काढायला लागली, बिनसाखरेचा. ब्राह्मी समोर असली की माझ्या पेल्याकडं बघायची, मग आपला कप तसाच ठेवून मागच्या परड्यात निघून जायची. मला वाटायचं, कामाच्या विचारात असेल. पंचमीला पुरणाची दिंडं केली, माझ्यासाठी नुसत्या मिठाची दोन. तिनं एकही घेतलं नाही. "पोट भरलंय," म्हणाली. आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "व्हय, सोडलंय गोड. नातीसाठी एवढं तरी."

दिवाळीच्या तोंडावर मिरजेची अर्फा स्कूटीवरनं आली. ब्राह्मीबरोबर शिकलेली पोरगी, दोघी मिळून भिंती रंगवतात. जत तालुक्यातल्या चौदा शाळा रंगवायचं काम त्यांना मिळालं होतं, कुठल्याशा कंपनीच्या देणगीतनं. दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करायचं होतं.

"आलीस? कवा निघताय?" मी विचारलं.

"निघताय कुठलं, आज्जी," अर्फा पायरीवर बसली. "तुमची राणी येत न्हाई म्हणती. मी रंगाचे डबे न्यायला आले."

"का गं?"

"इस्लामपुरात साड्यांच्या दुकानात लागणार हाय की. महिना बारा हजार. तुमाला सांगितलं न्हाई?" मग तिनं आवाज उतरवला. "तुमच्या चहापायी, आज्जी. तिच्यानं बघवत न्हाई."

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. त्या दिवशी ताटावरच मी विषय काढला. धरणेंद्रानं हिशेब आधीच करून ठेवला होता.

"बारातनं हप्ता गेला की तीन उरत्यात, त्यातनं एसटीचा पास. पण तारखेला येत्यात, आई. बँकेतली ती पोरगी मला सर-सर म्हणती आणि घाम फोडती. मालकाकडं शब्द टाकून जागा मिळवलीया मी."

"आणि जतच्या शाळांचे?"

"जास्त हायत," ब्राह्मी म्हणाली. "रंग आणि भाडं जाऊन चार महिन्यांत दीड लाख माझ्या वाट्याला. निम्मे पैसे काम झाल्यावर, निम्मे कंपनीला आठवंल तवा. आणि पावसाळ्यात भिंती ओल्या, म्हंजे शून्य."

"तरी जास्तच की."

"जास्तच. पण हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो, आज्जे. पावसाळा बघत न्हाई."

"मग दुकानात रमणार हाय तुझं मन?"

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अजून सहा वर्षं हायत हप्त्याची. तुझं वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"त्यात सहा मिळव. मधीच तू गेलीस तर? माझ्या कर्जापायी तुझ्या तोंडात साखर पडली न्हाई, हे घेऊन मी कुठं जाऊ? चित्र काढायला बसले की तुझा पेला दिसतो मला."

मला वाटलं होतं, मी पोरीच्या ओझ्याला हात लावतेय. मी तर त्याच्यावर चढून बसले होते.

"मोडते मग नेम," मी म्हटलं.

"मोड! म्हंजे ते पाप बी माझ्याच नावावर चढू दे." ती हात धुवायला उठली ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माताजींपुढं जाऊन बसले. वंदामि म्हटलं आणि सगळं सांगितलं, माइकवर बरं वाटल्याचंसुद्धा.

"गोड सोडणं तुमच्या हातात आहे," माताजी म्हणाल्या. "कर्ज फेडणं आहे का?"

"न्हाई जी."

"मग नेम निम्मा तुमचा आणि निम्मा पोरीचा झाला. तिला विचारलं होतं?"

"ते बी न्हाई," मी म्हटलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, एक उपवास आणि णमोकाराच्या माळा. स्वस्तात सुटले असं वाटून मी उठायला लागले, तर म्हणाल्या, "घेताना सगळ्यांना ऐकवलात. सोडतानाही ऐकवा."

उपवास केला, माळा ओढल्या. दिवाळीच्या पहाटे बस्तीत भगवंताला निर्वाणलाडू चढवतात, तेव्हा सगळं गाव जमतं. तिथं मी माइक मागितला. "मी नेम चुकीचा घेतला. नातीला न विचारता तिचं कर्ज चारचौघांत सांगितलं. माताजींच्या आज्ञेनं तो आज सोडते. चूक माझी, तिची न्हाई."

दीपमाला मागनं म्हणाली, "फराळाचा वास लागला वाटतं आज्जींना!" तिचं मौन अजून चालूच होतं म्हणे. हशा पिकला. मला तिला दोन शब्द सुनावायचे होते, पण त्या दिवशी मला हसायचा तिला हक्क होता. ह्या खेपेला मी ब्राह्मीकडं बघितलं. ती हसत नव्हती. घरी येऊन तिनं अर्फाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "डबे घेऊन ये."

पाडव्याला दोघी जतला गेल्या. धरणेंद्राला इस्लामपूरला जाऊन दुकानमालकाची माफी मागावी लागली. ह्या महिन्याचा हप्ताही त्यालाच भरावा लागणार होता. मी दिसले की तो गोठ्याकडं निघून जायचा. मग मीच गोठ्यात त्याच्यामागं गेले.

"तुझ्या गळ्यात पडलं बघ सगळं. माझंच चुकलं. आता मी काय म्हणते..."

"आई," तो म्हशीपुढं वैरण टाकत म्हणाला, "दोनदा तू मायकवर बोललीस. दोन्ही बारीला त्या मालकाच्या दारात मला जावं लागलं. आता काय बी म्हणू नगंस."

रागानं म्हणाला का हसत, पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही.

पुढच्या आठवड्यात ब्राह्मीचा व्हिडिओ कॉल आला. मागं शाळेच्या भिंतीवर निम्मा हत्ती झाला होता आणि अर्फाच्या केसांत निळा रंग होता. "टँकर आला न्हाई, आज्जे," ब्राह्मी म्हणाली, "रंग कालवायला पाणी इकत घेतलं." पाण्याचे पैसे कंपनी देणार का तुमच्या वाट्यातनं जाणार, आणि हप्त्याची पाच तारीख जवळ आली हे ध्यानात आहे का, हे दोन्ही माझ्या जिभेवर येऊन बसलं. मी विचारलं, "हत्तीला डोळा कवा काढणार?"

"शेवटी."

"मग शेवटी दाखव," म्हटलं, आणि फोन पटकन चंदनबालाच्या हातात दिला. माझ्या जिभेचा काय भरवसा नाही.