चार पंच आणि एक मास्क

किस्से म्हणजे मिलमधली रुई. कितीही झटकून घरी या, बायको म्हणणारच, "ते बघा, कानामागं अजून आहे." मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सॉफ्टबॉलच्या पंचगिरीचे किस्से काही अंगावरून जात नाहीत. मधूनच कुणी नवशिका पंच घरी येतो आणि विचारतो, "काका, चांगला पंच व्हायला काय करावं लागतं?" मी म्हणतो, बस, चहा घे. नियम पुस्तकात आहेत, बाकीचं सगळं माझ्याकडं आहे!

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. सोलापुरात सॉफ्टबॉल नवा होता आणि पंच आम्ही चौघंच. चनबसप्पा अण्णा हे आमचे म्होरके, बाजारात त्यांचं धान्याचं दुकान. शेख मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे. नरसय्या मागावर टॉवेल विणायचा. आणि मी, बापू, मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क. चौघांत मिळून मास्क एक, नियमांचं पुस्तक एक, आणि तेही इंग्रजीत!

त्याच सुमारास राज्य स्पर्धा पहिल्यांदाच सोलापूरला मिळाली. आम्ही हवेत! बैठकीला अण्णा नवं धोतर नेसून गेले. तिथं बाहेरगावचे एक बडे गृहस्थ म्हणाले, "होम प्लेटमागं, मुख्य निर्णय द्यायला, आमचे पंच उभे राहतील. सोलापूरकरांनी स्कोअर लिहावा. त्यांना चादरी विणू द्या हो!"

सगळे हसले. अण्णांनी पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि उठून आले. आम्हाला म्हणाले, "बापू, स्पर्धेला सहा महिने हायत. एक तरी मॅच आपला मानूस प्लेटमागं उभा राहून चालवणार. आन् अशी चालवणार, की कुनी बोट दाखवू नये." मला तर रात्रभर झोप लागली नाही, इतका राग आला होता.

* * *

पहिला धडा आवाजाचा. शेख मास्तर म्हणायचे, "स्ट्राइक बोले तो पानी मंगे सरीखा नक्को बोलना!" हाताची खूण आणि आवाज एकाच वेळी सुटला पाहिजे, आणि ते आरशासमोर घोटून घ्यायचं. पण अख्खा माणूस दिसेल असा आरसा आमच्यापैकी कुणाच्याच घरी नव्हता. तो होता फक्त शिवाच्या सलूनमध्ये.

मग काय, चौघंही सलूनमध्ये! नरसय्या आरशासमोर वाकला, मास्तरांनी बोट उचललं आणि नरसय्यानं असा "स्ट्राइक!" ठोकला की खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उभं राहिलं. शिवाचा वस्तरा हवेत.

"मास्तर, बंद करा की ओ! एकांदा कान जाईल हितं!"

मास्तर एकदम खूश. "देखा? कोई हिला, तो समजना कॉल बराबर है!"

गिऱ्हाईक उरलेली दाढी तशीच ठेवून गेलं. पण पुढच्या आठवड्यात मॅच बघायला आलं आणि नंतर कायम येत राहिलं.

* * *

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे नुसती बढाई मारतो असं कुणी म्हणायला नको.

आमचं मैदान मिलच्या मागं. त्या दिवशी आमच्या मिलला सुट्टी होती, म्हणून मिलचा संघ विरुद्ध कॉलेजचा संघ अशी मॅच ठेवलेली. प्लेटमागं मी. कॉलेजची पोरं बॅटिंग करत होती आणि त्यांचा एकेक गडी तिन्ही बेसवर उभा. पिचरनं बॉल टाकला, बॅटरनं तो जमिनीलगत मारला, आणि नेमका त्याच क्षणी शेजारच्या मिलचा तीनचा भोंगा वाजला!

बघतो तर आमचे सगळे फिल्डर मैदानाबाहेर चाललेले. कुणी ग्लोव्ह काढतोय, कुणी टोपी झटकतोय. वर्षानुवर्षं भोंगा झाला की हात थांबायचे, ते थांबले. बॉल गवतात पडलेला. कॉलेजचे गडी आधी बावचळले, मग एकामागून एक धावत होम प्लेटवर आले. बॅटरसकट चार रन!

मिलचा कॅप्टन माझ्या अंगावर आला. "बापू, भोंगा झाल्यावर कसले रन?"

मी उत्तर देणार होतो. पण माझा मास्क माझ्या हातात होता, आणि मीसुद्धा गेटच्या दिशेनं दहा पावलं चाललो होतो!

अण्णा बाहेरून आले. "बापू, तू 'टाइम' म्हणून खेळ थांबवलास?"

"नाही."

"मग बॉल चालूच हाय. चार रन लिही." आणि हळूच म्हणाले, "आपल्या मिलला तर आज सुट्टी हाय ना रे?"

तेव्हापासून नवशिक्यांना मी सांगतो, तोंडानं टाइम म्हटल्याशिवाय मास्कला हात लावायचा नाही. टाइम ऑफिसातल्या माणसाला हे कळायला चार रन मोजावे लागले.

* * *

अण्णांचा स्ट्राइक म्हणजे दुकानातलं वजन. बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत, आणि प्लेटवरून गेला तरच स्ट्राइक. वीतभर इकडं नाही की तिकडं नाही.

एकदा तालुक्याच्या एका गावात मॅच होती. त्यांचा एक गडी आलाच नाही, म्हणून नववा बॅटर म्हणून गावचे पाटील स्वतः उतरले. धोतर, पटका, हातात बॅट. पहिला बॉल खालून आला. अण्णांनी स्ट्राइकही म्हटलं नाही आणि बॉलही म्हटलं नाही. सरळ "टाइम!" म्हणाले.

"पाटील, धोतर वर खोचा. गुडघा दाखवा."

"आवं अण्णा, असं काय करताय? तितं आमचं पावणं बसल्याती. येवायासमोर गुडगं काडून हुबा ऱ्हाऊ व्हय?"

"मी अंदाजानं वजन करत न्हाई आन् अंदाजानं स्ट्राइक देत न्हाई."

पाटलांनी मिशीला हात लावला, व्याह्यांकडं एकदा बघितलं आणि धोतर खोचलं. अण्णा वाकून बघून आले आणि मागं जाऊन उभे राहिले. मग पिचरचे चार बॉल ओळीनं नडगीशी आले. चारही वेळा अण्णा म्हणाले, "बॉल!" चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट. पाटील रुबाबात चालत पहिल्या बेसवर गेले आणि तिथून ओरडून व्याह्यांना म्हणाले, "बगितलं का? गुडगा दिसला म्हून वाचलो!"

* * *

नरसय्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्याबद्दल बोलताना माझी छाती अजून फुगते.

पहिल्या बेसवरच्या पंचाचा नियम असा: डोळा बेसवर, कान ग्लोव्हवर. धावणाऱ्याचा पाय पडताना दिसला पाहिजे आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा 'थप्प' ऐकू आला पाहिजे. आधी थप्प तर आऊट, आधी पाय तर सेफ. नरसय्या पहिल्या मोसमात तिथं उभा राहायचा आणि जो तो सेफ! लोक म्हणायला लागले, हा पंच फार दयाळू आहे.

एक दिवस अण्णांनी त्याच्या पाठीमागं उभं राहून ग्लोव्हवर तीनदा बॉल आपटला. नरसय्यानं वळूनही पाहिलं नाही. वीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेलेली. बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हते, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, संपलं. नरसय्यानं शिट्टी, टोपी, सगळं काढून अण्णांपुढं ठेवलं. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "अण्णा, मला काडू नका म्हनत नाही. पन मैदानावर येऊ द्या."

अण्णांनी टोपी परत त्याच्या डोक्यावर ठेवली. "काढतो कोन? कान गेले असतील, डोळे हायत की! एका मागावर बारीकसा धागा तुटला तर तुला दहा पावलांवरून दिसतो. आजपास्नं तू प्लेटमागं."

आणि खरंच, असा डोळा मी पुन्हा पाहिला नाही. शिवाय मागाच्या शेडमध्ये ऐकू येतच नाही, तिथं सगळे ओठ बघून बोलणं ओळखतात. एकदा कॉलेजचा सेंटर फिल्डर लांबून काहीतरी पुटपुटला. नरसय्यानं मॅच थांबवली आणि त्याला बोलावलं.

"सर, मी काही बोललोच नाही!"

नरसय्यानं तो काय बोलला ते सगळ्यांसमोर शब्दशः म्हणून दाखवलं, नरसय्याच्या आईच्या उल्लेखासकट. पोरगा लाल झाला. नरसय्या म्हणाला, "आता आईपुढं पन तूच बोलून दाकव. ती तितं बसलीय, डबा घेऊन." पोरानं जाऊन म्हातारीच्या पायांना हात लावला. तिनं त्याला डब्यातली भाकरी दिली.

* * *

स्पर्धा आल्या. ठरल्याप्रमाणे आम्ही स्कोअर लिहीत बसलो. पण ऊन सोलापूरचं होतं! तिसऱ्या दिवशी बाहेरचे दोन पंच आडवे झाले आणि विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या मॅचला नाइलाजानं नरसय्याला उभं केलं. त्यांचा मॅनेजर तीनदा आत येऊन भांडला. नरसय्यानं तीनदा ऐकून घेतलं आणि निर्णय बदलला नाही. तरीही त्यांचा संघ जिंकला.

फायनलला तोच विदर्भाचा संघ आणि समोर आमचं सोलापूर! सकाळी तिसरा पंच आजारी. आता उरलं कोण? यजमान जिल्ह्याच्या मॅचला यजमान जिल्ह्याचाच पंच, असं कुठं असतं का? बाहेरचे मुख्य पंच वयानं थकलेले, त्यांना प्लेटमागं वाकणं जमत नव्हतं; ते घाम पुसत विदर्भाच्या मॅनेजरकडं गेले. मी शेजारीच होतो.

मॅनेजर म्हणाला, "तो टॉवेलवाला उभा करा ना भाऊ. परवा आमच्याविरुद्ध तीन निर्णय दिले त्यानं. रात्री पोरायले एकेकाले विचारलं. तिन्ही बरोबर होते."

अण्णांनी तोंड फिरवलं. उपरण्यानं डोळे पुसले ते मी बघितलं.

मॅचच्या आधी मुख्य पंचांनी नरसय्याला बाजूला घेतलं. तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "हे बघा, अगदी जवळचा निर्णय आला, तर सोलापूरच्या विरुद्ध द्या. म्हणजे बोभाटा होणार नाही."

नरसय्या म्हणाला, "जवळचा म्हंजे काय साहेब? प्लेट तर जागची हलत नाही."

शेवटची इनिंग. दोन्ही संघ बरोबरीत, सोलापूरची बॅटिंग, दोन आऊट झालेले. दुसऱ्या बेसवर आमचा अंबादास, नरसय्याच्याच शेडमधला, त्याच्या शेजारच्या मागावरचा. बॅटरनं बॉल उजवीकडं काढला. अंबादास तिसरा बेस ओलांडून सुटला; तो प्लेटवर पोचला की मॅच आमची. तिकडून बॉल सणसणत आला. कॅचर, बॉल आणि अंबादास एकाच वेळी प्लेटवर. नुसता फुफाटा!

नरसय्या गुडघ्यावर, हनुवटी जवळजवळ जमिनीला लागलेली. माझी पेन्सिल हातात थांबली. मनात म्हटलं, देवा, आऊट दे बाबा, अब्रू राहू दे. खरंच सांगतो, आमचं सोलापूर हरावं असं मला आयुष्यात त्या एकदाच वाटलं.

धूळ खाली बसली. नरसय्यानं दोन्ही हात आडवे झटकले.

"सेफ!"

सोलापूर जिंकलं. पण टाळी वाजली नाही, कारण विदर्भाचा मॅनेजर तरातरा आत येत होता. तो नरसय्याकडं गेलाच नाही. आधी त्यानं आपल्या कॅचरला काहीतरी विचारलं, कॅचरनं मान खाली घातली, आणि मग तो थेट माझ्या टेबलाशी आला.

"कागद द्या."

तक्रार लेखीच करावी लागायची. मी कागद दिला. मुख्य पंच पांढरेफटक पडले. "मी सांगितलं होतं त्याला," असं ते अण्णांना म्हणालेसुद्धा. मॅनेजरनं उभ्यानंच चार ओळी खरडल्या, सही केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी मोठ्यानं वाचला.

"पुढच्या महिन्यात आमच्या गावी स्पर्धा आहेत. फायनलला प्लेटमागे आजचेच पंच पाठवावेत, ही विनंती."

मुख्य पंचांनी विचारलं, "अहो, पण एवढ्या लांबून यांनाच कशाला?"

मॅनेजर म्हणाला, "फायनल आमचाच संघ खेळणार हाये ना भाऊ!"