ऐब सांगून विकलेली गाडी

नोकरीत याहून मोठे गुन्हे कितीतरी हाताळले, आणि त्यांतले बरेचसे मी आता विसरलो आहे. हे फसवणुकीचे साधे प्रकरण मात्र मनातून जात नाही.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करणारी एक तरुणी तक्रार घेऊन आली. वडिलांना चालता येत नव्हते. त्यांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी तिला जुनी मोटार घ्यायची होती. मोबाइलवर जाहिरात पाहून तिने इसार पाठवला आणि दुसऱ्या दिवसापासून विकणाऱ्याचा फोन बंद झाला. जाहिरात तिने जपून ठेवली होती. पांढऱ्या मोटारीचे चार फोटो, आणि खाली मजकूर: "एकाच मालकाने वापरलेली, निर्दोष, उत्तम स्थितीतील गाडी. सर्व कागदपत्रे पूर्ण." एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.

"गाडी न बघताच पैसे पाठवले?" मी विचारले.

ती खाली मान घालून म्हणाली, "सर, इतकं नीट लिहिलं होतं. शिकलेला माणूस वाटला."

ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवून घेतली. तिसऱ्या दिवशी शहागंजातला एक व्यापारी आला. तो जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा आणि अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा, म्हणून जाहिरातीतले फोटो आम्ही त्याला पाठवले होते. त्याच्या मोबाइलवर त्याच गाडीचे तेच चार फोटो होते. जाहिरात वेगळी, फोन नंबरही वेगळा.

"गाडि विकने आहे. इंजीन ठिक. चढाला दम खाती. पाउसात मागच दार लागत नाय. येउन बघुन घ्या मंग बोला."

"साहेब, हाच तुमचा चोर," तो म्हणाला. "वाचा तर खरं! ज्याला गाडी लिहिता येत नाय, त्याच्याकडं गाडी असंल व्हय? महिना झाला, एक गिऱ्हाईक फिरकलं नाय म्हणतेत. लोक काय येडे हायेत?"

मलाही ते पटले. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मीही त्या गिऱ्हाइकांसारखाच वागलो, हे इथे लिहून ठेवतो.

फोटोतल्या नंबरावरून मालक खुलताबादचा निघाला. तो भाग ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतो. तिथल्या ठाण्याला कळवून आमची जीप गेली आणि सत्तरीच्या एका गृहस्थांना भर दिवसा, त्यांच्या गल्लीतून घेऊन आली. बाकावर बसल्यावर शिपायाने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"पानी नको, साहेब. आधी सांगा, मैंने किया क्या? अख्खी गल्ली बघत होती. चाळीस साल भाड्याची गाडी चालवली. लोक आपल्या जवान पोरी माझ्या गाडीत एकट्या बसवून द्यायचे. आता नजर कमी झाली, गाडी विकायला काढली. नाव तेवढं राहिलं होतं."

मी दोन्ही जाहिराती त्यांच्यासमोर ठेवल्या. एक आपली, दुसरी माहीत नाही, असे ते म्हणाले. ती नीट वाचताही येत नव्हती त्यांना. शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दूतून. मराठी ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले होते.

"मग स्वतःच्या जाहिरातीत एवढे दोष कशाला लिहिले? गाडी विकायची होती की नाही?"

त्यांना माझ्याच प्रश्नाचे नवल वाटले. "माझे वालिद बैलांचा धंदा करायचे, साहेब. बाजारात बैल उभा केला की पहिलं ऐब सांगायचे. मारका हाय, पाण्याला बुजतो, चालता चालता बसतो. मग दात दाखवायचे, मग किंमत. ऐब लपवून विकलं तर ती कमाई हराम. बैल काय अन् गाडी काय."

उत्तर चांगले होते. पण पोलिसाला चांगली उत्तरे रोज ऐकायला मिळतात. जबाब अर्धवट ठेवून मी जेवायला घरी गेलो.

माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गेल्या वर्षी ती गेली. माझे सगळे लिखाण आधी ती वाचायची, त्यामुळे आता एक पान लिहायला मला आठवडा लागतो. त्या दुपारी पोळी वाढता वाढता तिने दोन्ही जाहिराती वाचल्या.

"अहो, ही पहिली वाचून मला गाडी दिसतच नाही. कुठल्याही गाडीच्या फोटोखाली चालेल ही. दुसरी वाचली की ते मागचं दारसुद्धा दिसतं."

"आणि शुद्धलेखन? तू तर लाल पेन घेऊनच जन्मलीस."

"म्हणूनच सांगते. ज्या वहीत एकही चूक नाही, ती मी आधी शेजारच्या वहीशी ताडून बघते. तुम्ही पोलीस लोक चुकणाऱ्यालाच आधी धरता."

मी हसलो, पण निघण्याआधी दोन्ही जाहिराती पुन्हा एकदा वाचल्या.

परतलो तर त्या गृहस्थांचा फोन वाजत होता. गाडीसाठी कोणी विचारत होते. महिन्याभरातले पहिलेच गिऱ्हाईक. मी स्पीकर सुरू करून बोलायची खूण केली.

"हां भाऊ, गाडी हाय. पण आधी ऐकून घ्या. चढाला दम खाती. मागचं दार पावसात फुगतं, लाथ मारावी लागती."

"चाचा, गाडी विकताय का मला पळवून लावताय?" तिकडून हसण्याचा आवाज आला.

"अजून एक हाय, भाऊ. मी आत्ता पोलीस ठाण्यात बसलोय. गाडीवर कायतरी तक्रार झालीय. ती मिटल्याबिगर येऊ नका."

तिकडून फोन कटला. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. चौकशीत माणूस स्वतःला वाचवायला काय सांगतो, ते आम्ही नेहमी ऐकतो. स्वतःचे नुकसान होणार हे दिसत असताना, कोणी विचारले नसताना तो काय सांगतो, ते क्वचित ऐकायला मिळते. संध्याकाळच्या एसटीने मी त्यांना घरी पाठवले.

तपासाची दिशा बदलली. इसार ज्या बँक खात्यात गेला होता, त्यावरून आठवड्याभरात खरा आरोपी सापडला. शहरातलाच, पदवीधर. दलालांना गाड्यांच्या जाहिराती लिहून देणे हा त्याचा व्यवसाय. त्याने फोटो त्या वृद्धांच्या जाहिरातीतून उचलले होते.

"सर, त्या म्हाताऱ्याची जाहिरात कुणी वाचत नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. "मी फक्त नीट लिहिली."

"आणि गाडी कुठून देणार होतास?"

"गाडी कुणी मागितलीच नाही. इसार आधी पाठवतात."

आमच्या दृष्टीने काम संपले होते. पण काही दिवसांनी ती तरुणी पुन्हा ठाण्यात आली. इसार परत मिळाल्यावर ती खरी गाडी बघायला खुलताबादला गेली होती. गल्लीच्या तोंडाशीच चहावाल्याने तिला अडवले. "ताई, त्यांच्याकडनं घेऊ नका. पोलीस उचलून घेऊन गेले होते."

आरोपी कोठडीत होता, पण त्या गल्लीत अजून हेच गृहस्थ आरोपी होते. त्यांना घेऊन जाताना आमची जीप सगळ्यांनी पाहिली होती. परत ते एकटे, एसटीने आले होते.

पुढच्या रविवारी मी गणवेश चढवला. पत्नी म्हणाली, "मीही येते. पोलिसांबरोबर बाई दिसली की लोकांना धीर येतो." जीप मी गल्लीच्या तोंडाशी, चहावाल्यासमोरच उभी केली आणि त्याला मोठ्याने सांगितले की या चाचांनी काही केलेले नाही, चूक आमची होती. मग चालत त्यांच्या घरापर्यंत गेलो. वाटेत जो भेटेल त्याला तेच सांगितले. खिडक्या उघडत होत्या.

चाचा दारातच होते. मी आत पाऊल टाकणार, तोच त्यांनी हात आडवा धरला. "आत नको, साहेब. ओट्यावर बसा." दोन खुर्च्या त्यांनी स्वतः बाहेर आणून मांडल्या.

पत्नीने जाहिरात दुरुस्त करून देऊ का, असे विचारले. ते म्हणाले, "बाई, अक्षरं सुधारा. ऐब मात्र राहू द्या." तिने तसेच केले. गाडी शेवटी त्या तरुणीनेच घेतली, दार लाथ मारून कसे लावायचे ते शिकून.

त्यानंतर जबाब वाचताना मी लिहिणाऱ्याच्या अक्षराकडे आणि भाषेकडे सगळ्यात शेवटी पाहू लागलो. आणि निर्दोष माणसाला सोडताना त्याला कुठून आणले होते ते विचारायची सवय लावून घेतली. तिथपर्यंत पोहोचवल्याशिवाय सुटका पुरी होत नाही.

त्या रविवारी सकाळी ओट्यावर चाचांनी दिलेला चहा संपला तसे आम्ही उठू लागलो. चाचांनी समोरच्या बंद दुकानाकडे बोट दाखवले.

"थोडं थांबा, साहेब. हा अकराला शटर उघडतो. त्यानं बी बघितलं पाहिजे."

आम्ही पुन्हा बसलो आणि आणखी एक चहा घेतला.