उतरते खांदे आणि हलकी सॅक

आमच्या घरात वस्तू वापरायच्या मी आणि त्यांवर मत द्यायचं आमच्या ह्यांनी, ही वाटणी लग्नापासूनची आहे. कुकर कोणता घ्यावा, हे ह्यांना विचारावं. घरगुती चक्कीत ज्वारी बारीक निघते की जाडसर, हेही ह्यांनाच विचारावं. एकदा ह्यांनी शेजारणीला पोळपाटाच्या लाकडाबद्दल इतकी माहिती दिली की तिच्या हातातला चहा गार झाला. ह्यांनी जन्मात पोळी लाटलेली नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती मान डोलवत राहिली. आपल्याकडे आवाज जड असला की माणूस जाणकार ठरतो.

वाळूजच्या कंपनीतून निवृत्ती घेतल्यावर ह्यांच्या मतांना घर पुरेना, तेव्हा ह्यांनी मोबाइलवर चॅनेल काढलं. विषय निवडला ट्रेकिंगचं सामान. ह्यांनी शेवटचा डोंगर कधी चढला होता ते मला आठवत नाही, आणि गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी घरचा जिनासुद्धा बेतानं चढायला सांगितला आहे. पण मत द्यायला गुडघे लागत नाहीत.

त्याच उन्हाळ्यात माझी भाची, करमाडच्या माझ्या भावाची मुलगी, हिमाचलातल्या एका बर्फाच्या शिखरावर जायला निघाली. पोरगी जिद्दीची. कॉलेज सांभाळून, शेतातलं काम करून तिनं गिर्यारोहणाचा कोर्स केला होता आणि आता पहिल्यांदा तिला खऱ्या चढाईच्या चमूत घेतलं होतं. गावानं माझ्या भावाला वेड्यात काढलं. पोरीचं लग्न बघायचं सोडून तिला बर्फात काय धाडतोस, असं त्याला पारावर बसलेल्या प्रत्येकानं ऐकवलं. भाऊ तिला एवढंच म्हणाला, "जा. पण काय झालं तर परत इचारू नको." म्हणजे ही पोरीची पहिली संधी होती, आणि काही बिनसलं तर शेवटचीही हीच.

अशा चढाईत शेवटच्या दिवशी मोठं ओझं तंबूत ठेवतात आणि पाणी, जाकीट, दोर एवढंच घेऊन शिखर गाठतात. त्यासाठी लहान, कमी वजनाची सॅक लागते. ती निवडायचं काम तिनं ह्यांच्यावर सोपवलं. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. "मामा, तुमी म्हनाल ती," असं ती फोनवर म्हणाली, आणि ह्यांची छाती शर्टाच्या बटणांना जड झाली.

सॅक आली. नारिंगी रंगाची, हातात घेतली तर रिकाम्या पिशवीसारखी. मला ती आवडली, हे कबूल करायला हरकत नाही. ह्यांनी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या, केकचा मैदा मोजायच्या काट्यावर ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून गंभीर झाले. "अल्पाइन क्लाइंबिंगमध्ये," हे म्हणाले, "ग्रॅम म्हणजे प्राण." मग कात्री घेऊन बसले. धुण्याच्या सूचनांचं लेबल कापलं. चेनच्या दोऱ्या कापल्या. आणखी काय काय कापलं ते मी बघितलं नाही, कारण कुकरची शिट्टी झाली होती. दर कापणीनंतर सॅक पुन्हा काट्यावर. मधेच ह्यांनी काट्यावरचा मैदा फुंकला, त्यानंही वजन कमी झालं, आणि हे खूश झाले. हे बोलत असताना ह्यांचं स्वतःचं पोट टेबलाच्या कडेवर टेकलेलं होतं. तिथून काही ग्रॅम काढता आले असते, पण विषय सॅकचा होता.

मग बर्फाची चाचणी. मे महिन्यात आमच्या गावात बर्फ फक्त एका ठिकाणी मिळतो, बर्फाच्या कारखान्यात. तिथं लाद्या फुटत होत्या, हातगाड्या भरत होत्या, आणि मी, हायस्कुलात भूगोल शिकवणारी, नकाशावर पोरांना आल्प्स पर्वत बोटानं दाखवणारी बाई, पाठीला नारिंगी सॅक लावून एका लादीला पाठ टेकवून उभी होते. हे समोरून सूचना देत होते, "चेहऱ्यावर थोडी थंडी आण." कारखान्याच्या मालकांनी बराच वेळ बघितलं. शेवटी राहवेना. "भाभी, ये लस्सीवालों का माल है. उसकू टेकके मत खड़े रहो. और साब, आपकू करना क्या है?" ह्यांनी त्यांना अल्पाइन क्लाइंबिंग समजावून सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि मला बसायला स्टूल दिलं. मोठ्या मनाचा माणूस.

सॅकमध्ये ओल आली नाही. माझ्या पाठीत आली.

राहिली चढाईची चाचणी. त्यासाठी दौलताबाद. ह्यांनी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, माझी जाड शाल आणि गच्चीवरचा कपडे वाळत घालायचा दोर भरला. सॅकला बाहेरून बर्फाची कुऱ्हाड अडकवायला दोन फास होते. बर्फाची कुऱ्हाड आमच्याकडे कुठून असणार? ह्यांनी बागेतली कुदळ बांधली. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, "लोकांना काय कळतंय?"

लोकांना बरंच कळत होतं. किल्ल्याच्या दारातल्या पहारेकऱ्यानं कुदळ बघितली आणि काठी आडवी घातली.

"काकू, गुप्तधन हुडकायला आलाव का?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मंग कुदळ कशाला? हितं खिळा ठोकायची बी परवानगी नाय."

हे पुढं झाले. "ती कुदळ नाही. बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीच्या जागी आहे."

पहारेकऱ्यानं वर बघितलं. ऊन डोळ्यांत खुपत होतं. "वर बर्फ नाय सायेब," तो म्हणाला. "वटवाघळं हायेत."

कुदळ त्याच्या खुर्चीखाली जमा झाली. वजन कमी पडलं म्हणून ह्यांनी दारातल्या बाईकडून कैऱ्या घेतल्या आणि सॅकमध्ये कोंबल्या. मग स्वतः लिंबाखाली ताकाचा ग्लास घेऊन बसले आणि मला म्हणाले, "वर पोचलीस की हात कर. इथून झूम करतो."

मी चढले. बारा महिने फळ्यासमोर उभी राहणारी बाई असले तरी करमाडच्या शेतात वाढलेली आहे, ओझ्याची मला सवय आहे. पण डोक्यावरचं ओझं आपण मानेनं सावरतो. ह्या सॅकचे पट्टे घामानं हळूहळू सुटत होते. थोडं चढलं की उजवा पट्टा सैल, ओढून घट्ट केला की पुन्हा सैल. अंधारी म्हणतात तो भुयारी रस्ता मी मोबाइलच्या उजेडात पार केला, वटवाघळांचा वास नाकात घेऊन बाहेर आले, आणि वरच्या उभ्या पायऱ्यांवर उजवा पट्टा बकलातून सर्रकन पूर्ण निघून आला. सगळं वजन डाव्या खांद्यावर आलं आणि सॅकनं मला बाजूला फेकलं. हाताला भिंत लागली म्हणून वाचले. कैऱ्या टणाटण खाली गेल्या.

मी तिथंच बसले. घाबरले होते. आधी माझ्यासाठी, खोटं कशाला बोलू. मग पोरीसाठी. इथं भिंत होती. तिथं काय असणार होतं?

खाली आले तर ह्यांचा पहिला प्रश्न, "हात का नाही केलास?" मी सगळं सांगितलं. पट्टा ओवून दाखवला, खांद्यावरचा वळ दाखवला. ह्यांनी वळ नीट बघितला, चष्मा वर करून, आणि निदान केलं.

"तुझे खांदे उतरते आहेत."

म्हणजे सॅक पास, खांदे नापास. मग ह्यांनी रिकामी सॅक पाठीला लावली, मागं किल्ला दिसेल असे उभे राहिले आणि कॅमेऱ्यात म्हणाले, "दौलताबादची चढाई झाली, आणि माझ्या खांद्याला काहीही जाणवलं नाही." हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी उरलेली कैरी तिखटमीठ लावून खाल्ली. पहारेकऱ्यालाही दिली.

भाचीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. आमच्याकडून सॅक घेऊन ती तशीच स्टेशनावर जाणार होती. सकाळी तिचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला.

"मामा, कशी हाय?"

"एक नंबर. आम्ही सगळ्या चाचण्या केल्या."

"पाठीवर घिऊन कोन चढलं व्हतं?"

ह्यांना असा प्रश्न चॅनेलवर कुणी विचारला नव्हता. हे म्हणाले, "आम्ही."

"मी चढले," मी म्हटलं. "पट्टा निघून आला. पण मामा म्हणतात माझे खांदे उतरते आहेत."

मग पोरगी म्हणाली, "आत्या, माझे बी तसेच हायेत की."

आमच्या माहेरचे सगळेच खांदे तसे आहेत. माझ्या आईचे, भावाचे, हिचे. हे माझ्या डोक्यात का आलं नव्हतं कुणास ठाऊक. फोन ठेवला आणि मी पट्टा उलटा करून उजेडात धरला. डाव्या पट्ट्याचंही टोक तसंच होतं: सरळ कापलेलं, काडीनं भाजून गुळगुळीत केलेलं. शाळेच्या दप्तराला पट्ट्याचं टोक दुमडून शिवलेलं असतं, हे मी रोज बघते. ती दुमड बकलात अडकते, म्हणून पट्टा कितीही सुटला तरी निघून येत नाही.

"हे तुम्ही कापलंत?"

"कंपनीनं उगाच दुमडून शिवलं होतं," हे म्हणाले. "लोंबत होतं. वजन वाचवलं."

वाचवलेलं वजन म्हणजे फोडणीतली मोहरीची चिमूट. त्यासाठी माझ्या माहेरची पोर दरीत जाणार होती. माझा आवाज चढला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथला मिक्सर बंद झाला. ह्यांनी मान्य काही केलं नाही. फक्त म्हणाले, "दुसरी मागवू." गाडी संध्याकाळी होती.

मी कपाट उघडलं. पट्टा आता आखूड झाला होता, पुन्हा दुमडायचा तर नेमका कुठं, हे बघायला हवं होतं. शिखरावर ती जाड जाकीट घालणार, त्यावरून सॅक बसायला हवी. म्हणून मी माझा स्वेटर घातला, त्यावर ह्यांचा स्वेटर घातला, त्यावर ह्यांनी कधीकाळी मनालीला घेतलेलं जाकीट घातलं. मे महिन्याची दुपार. पंखा गरम हवा फेकत होता. बाटल्या आणि दोर भरून सॅक पाठीला लावली आणि घराच्या जिन्यावरून वर-खाली करायला लागले. पट्टा थोडा ओढायचा, चढायचं, उतरायचं, वाकायचं, पुन्हा ओढायचा. घाम डोळ्यांत जात होता. खालची वहिनी दारात येऊन विचारती झाली, "बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "हिमाचलात आहे, नंतर बोलते."

सॅक पाठीला चिकटून बसली तिथं खडूनं खूण केली. मग पोती शिवायची दाभण काढली. ती मी माहेराहून आणली होती, आणि तेव्हा हे म्हणाले होते की शहरात हिचा काय उपयोग. नायलॉनचा दोरा घेऊन दोन्ही पट्ट्यांची टोकं दुमडली आणि पोत्याचं तोंड शिवतात तशी, सोयाबीनचं पोतं गाडीत टाकताना फुटू नये तशी, शिवून टाकली. दिसायला गावठी दिसत होतं. मी टोकाला लोंबकळून बघितलं. सुटलं नाही.

हे इतका वेळ दारात उभे होते. मी सॅक खाली ठेवल्यावर हे आले, ती उचलून काट्यावर ठेवली, आकडा बघितला आणि दुःखी झाले.

भाची आली, सॅक पाठीला लावून बघितली, माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि माझ्या पाया पडली. मग ह्यांच्याही पडली. ह्यांनी आशीर्वाद देताना तिचं चित्रण केलं. ती गेल्यावर तिचा फोन लागेनासा झाला. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. वर्गात आल्प्स शिकवायचे असते तर नकाशाकडे बघवलं नसतं. बरं की शाळेला सुट्टी होती.

ती शिखर करून आली. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, आणि अंगात मावत नसलेला आनंद. करमाडच्या आधी आमच्याकडे उतरली. शिखरावरून उतरताना तिचा पाय सटकला होता आणि ती दोरावर लोंबली होती, हे तिनं मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. "बाबांना सांगू नका. एका अंगावर झोकले, पन सॅक हलली नाय आत्या." मग तिनं कॉलर बाजूला करून खांदे दाखवले. वळ नव्हता. मी तिथं हात फिरवला आणि मला रडू आलं. मी ते कांद्यावर ढकललं नाही, सरळ रडले.

तेवढ्यात हे कॅमेरा घेऊन हजर. अंतिम निकालाचा भाग राहिला होता ना. भाचीला सोफ्यावर बसवलं, सॅक मांडीवर दिली.

"तर सांग, आम्ही निवडलेली सॅक कशी वाटली?"

"चांगली हाय," ती म्हणाली, आणि पट्ट्याचं टोक कॅमेऱ्यापुढं धरलं. "पन ही दुमड आत्यानं शिवलेली हाय, म्हनून मी हितं बसले. माप बी त्यांच्याच खांद्याचं हाय."

ह्यांनी कॅमेरा बंद केला. विचार केला. "छान बोललीस," हे म्हणाले. "शेवटचं तेवढं लोंबतंय, ते कापून टाकू."

भाचीनं माझ्याकडं बघितलं.

"कापा," मी म्हटलं. "दाभण अजून बाहेरच आहे."