बनियनवरचा सिंह

बनियनवर सिंह नीट छापला गेला नाही, तर आमच्या ह्यांना तिरुप्पूरला जावं लागणार होतं. थोरल्या दिरांनी तिथल्या बनियनच्या गिरणीत जागा बघून ठेवली होती. मी मात्र कुंभकोणमलाच राहणार, कारण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. लग्नानंतर जरा कुठे एकमेकांची सवय झाली होती आणि आता हे.

ह्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी चित्रं काढत: लाकडी फळीवर देव, खडे, सोन्याचा वर्ख. पण लोक आता छापील कॅलेंडरातला देव भिंतीवर टांगून मोकळे होत. तेवढ्यात बाजारातल्या कापडवाल्याने गावच्या फुटबॉल संघाच्या बनियनांवर सिंह छापायचं काम घेतलं. हे जमलं तर पुढचं सगळं काम तुमचंच, असा शब्द त्याने ह्यांना दिला.

मद्रासहून त्याने लाखेचा थर दिलेला पातळ कागद आणला, एकच. दारासुरमच्या विणकराकडचं विरळ रेशीम चौकटीवर ताणून दिलं आणि रीत समजावली. कागदावर सिंह काढायचा, सुरीने वरची लाख तेवढी कापून उचलायची, खालच्या कागदाला धक्का लावायचा नाही. मग तो रेशमावर इस्त्रीने चिकटवून मागचा कागद सोलायचा. लाख जिथे नाही, तिथूनच शाई खाली उतरणार.

ह्यांनी आयाळ अशी कापली की मी बघतच राहिले. निखाऱ्यांची इस्त्री मी तयार केली, कागद रेशमावर ठेवला आणि थबकले. सिंहाला डोळेच नव्हते.

"डोळे कापले नाहीं कीं!"

"डोळे शेवटीं," हे म्हणाले. "सगळें झाल्यावर. आमच्या घरची रीत."

"अहो, ती देवाच्या चित्राची रीत. हा बनियनवरचा सिंह!"

"चित्र तें चित्र. तूं इस्त्री फिरव."

मी फिरवली. ह्यांचा हट्ट मोडणं माझ्या बापालाही जमलं नसतं. कागद सुरेख सुटला. मग ह्यांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले, हात जोडले आणि रेशमाला चिकटलेल्या लाखेत सुरी घातली. खालचं रेशीम टर्रकन फाटलं.

अय्यो! एवढंच माझ्या तोंडून आलं. हे सुरी हातात धरून बसून राहिले. दुसरा कागद नव्हता, आणि बनियनं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मला ह्यांचा इतका राग आला की ती सुरी हिसकावून घ्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी ह्यांच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. दोन्हींतलं काहीच केलं नाही.

भोक लाखेने बुजवलं. सगळी बनियनं छापली. आंधळे सिंह अंगणातल्या दोरीवर वाळत पडले. शेवटी ह्यांनी बारीक कुंचला घेतला आणि एकेका बनियनवर हाताने डोळे काढले. कुणी रागीट, कुणी मिस्कील, एक तर चक्क झोपाळू. इतकी सुंदर जनावरं मी कधी पाहिली नव्हती. मी वेडी, मनात म्हणाले, आता कोण नाही म्हणेल?

कापडवाला आला. बनियन उजेडात धरून तमिळमध्ये म्हणाला, "डोळे झकास. पण प्रत्येकाला हात लावायचा, तर चौकट कशाला? उद्या ढीगभर बनियनं आली तर?"

मी दाराआडून बाहेर आले. परक्या माणसासमोर कधी बोलत नसे, पण त्या दिवशी हात जोडले. "अजून एक कागद द्या. या वेळी डोळे आधी कापतील."

त्याने माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. हे हो म्हणाले असते तर त्याने कदाचित दिलाही असता. हे कुंचला धुवायला लागले. तो चौकट काखेत मारून गेला.

तिरुप्पूरच्या गिरणीत ह्यांना बनियनांच्या गठ्ठ्यांवर गावांची नावं घालायचं काम मिळालं. पत्र्याचा साचा तयार असे, ठेवायचा आणि वरून शाईचा ब्रश फिरवायचा. दिवाळीला घरी आले तेव्हा ताट वाढताना मी विचारलं, "काम जमतें कीं?"

"जमतें," हे म्हणाले. "त्यांत माझें कांहींच लागत नाहीं."